कूलंटच्या अहवालात धातू निघाला: आकडे कोणत्या क्रमाने वाचायचे

गाडीचं कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारा द्रव, प्रयोगशाळेत तपासायला दिलं आणि अहवालात ‘लोखंड ३८ पीपीएम’ (लिटरमागे साधारण ३८ मिलिग्रॅम) अशी ओळ लाल रंगात आली की दोनपैकी एक घडतं. एखादा घाबरून थेट इंजिनाचं हेड, म्हणजे ब्लॉकवरचा भाग, खोलायला टाकतो. दुसरा त्याच संध्याकाळी कूलंट काढून नवं भरतो आणि अहवाल गाडीच्या खणात ठेवून देतो. पहिल्याचे पैसे विनाकारण जातात. दुसऱ्याचा रेडिएटर काही महिन्यांनी गळायला लागतो, कारण धातू खाणारं जे काही होतं ते गाडीतच राहिलेलं असतं.

दोघांची चूक एकच. त्यांनी अहवाल धातूंच्या रकान्यापासून वाचायला घेतला. खरं तर वाचन तिथे संपवायचं असतं. कूलंट अजून धातूचं रक्षण करतंय का, हे आधी पाहायचं. मग त्यात पाणी कोणतं मिसळलंय ते, आणि त्यानंतर कोणता धातू कुठल्या भागातून सुटतोय ते. खालचा क्रम पेट्रोल-डिझेल गाड्यांसाठी आहे. इलेक्ट्रिक गाडीच्या बॅटरीचं कूलंट वेगळ्या प्रकारचं असू शकतं, त्याला हे आडाखे लावू नका.

## तयारी: नमुना देण्याआधी कागदावर काय हवं

गाडीच्या पुस्तिकेतून दोन गोष्टी काढा: यंत्रणेत एकूण किती लिटर कूलंट बसतं आणि कंपनीने कोणत्या प्रकारचं सांगितलंय. मग इंजिनाचा ब्लॉक बिडाचा आहे की ॲल्युमिनियमचा, आणि रेडिएटर ॲल्युमिनियमचा की तांब्या-पितळेचा, हे गॅरेजमध्ये विचारून लिहून ठेवा. आजच्या बहुतेक गाड्यांत रेडिएटर ॲल्युमिनियमचा आणि त्याच्या टाक्या प्लास्टिकच्या असतात. जुन्या गाड्यांत, आणि बाहेरून बनवून बसवलेल्या रेडिएटरमध्ये, तांबं-पितळ अजून सापडतं.

त्याखाली कूलंटचा इतिहास लिहा. शेवटचं कधी आणि किती किलोमीटरला भरलं, कोणतं भरलं, मध्ये किती वेळा वरून काय घातलं. ‘थोडं पाणी टाकलं होतं’ हेही लिहा, आणि ते नळाचं होतं की बोअरचं, तेही. गळती थांबवायला कधी हळद किंवा बाजारची पावडर घातली असेल तर लपवू नका. अशा काही पावडरींमध्ये तांब्याचे किंवा ॲल्युमिनियमचे बारीक कण असतात, आणि ते अहवालात इंजिनातून सुटलेल्या धातूसारखेच दिसतात.

शक्य असेल तर प्रयोगशाळेला आणखी दोन छोट्या बाटल्या द्या: एकीत तुम्ही वापरता तेच कूलंट न वापरलेलं, दुसरीत तुम्ही मिसळता ते पाणी. यासाठी वेगळे पैसे पडतात, पण ते मोजायला मागेपुढे पाहू नका. न वापरलेल्या कूलंटचा अहवाल हाताशी असला की निम्मे गैरसमज जागच्या जागी मिटतात.

## टप्पा १: नमुना नीट घ्या

१. इंजिन नेहमीच्या तापमानाला येईपर्यंत चालवा, हीटर असेल तर तो गरमवर ठेवा, म्हणजे सगळीकडचं कूलंट एकत्र फिरेल.

२. मग इंजिन पूर्ण गार होऊ द्या. हाताला वरचा होज पाइप कोमटही लागता कामा नये.

सावधान: गरम इंजिनाची कॅप उघडू नका. आत दाब असतो आणि उकळतं कूलंट थेट तोंडावर उडतं. जाड फडकं धरून ‘हळूच’ उघडणं हाही उपाय नाही.

३. नवी, स्वच्छ, कोरडी प्लास्टिकची बाटली घ्या. धातूचा डबा नको. सरबताची किंवा तेलाची बाटली धुऊन वापरली तरी नको.

४. रेडिएटरच्या तोंडातून नळी लावलेल्या नव्या सिरिंजने १०० ते २०० मिली ओढा. नेमकं किती हवं ते प्रयोगशाळा सांगते.

कॅप रेडिएटरवर असेल आणि शेजारी नुसती प्लास्टिकची ओव्हरफ्लो बाटली असेल, तर त्या बाटलीतून नमुना घेऊ नका. तिथलं कूलंट इंजिनातून सतत फिरत नाही आणि वरून घातलेलं पाणी तिथेच साचलेलं असतं. दाबाची कॅप त्या टाकीवरच असेल, तर मात्र टाकीतून घेतलेला नमुना चालतो.

५. बाटली उजेडात धरून रंग, गढूळपणा आणि तळाचा गाळ यांची नोंद करा, फोटोही काढा. तांबूस गाळ गंजाचा. पांढरट, साबणासारखा लगदा असेल तर ॲल्युमिनियम, पाण्याचे क्षार किंवा दोन कूलंटांची भेसळ यांपैकी काहीतरी. तपकिरी, सायीसारखा थर दिसला तर तेल मिसळलंय. तिथे धातूंच्या अहवालाची वाट न पाहता गाडी गॅरेजमध्ये न्या.

तपासा: बाटलीवर गाडी, तारीख, एकूण किलोमीटर आणि कूलंट भरल्यापासूनचे किलोमीटर लिहिलेत का? त्यांच्याशिवाय पुढचा कुठलाही आकडा अर्धवट राहतो.

कूलंट चवीला गोडसर आणि विषारी असतं. सांडलेलं कुत्र्या-मांजरांनी चाटलं तर जीव जाऊ शकतो. लगेच पुसा आणि बाटली मुलांच्या हाताला लागू देऊ नका.

## टप्पा २: आधी रक्षण पाहा

अहवाल आला की धातूंच्या रकान्यावर हात ठेवा आणि आधी तीन ओळी शोधा: पीएच, राखीव क्षारता आणि ग्लायकॉलचं, म्हणजे कूलंटमधल्या पाण्याव्यतिरिक्तच्या मुख्य द्रवाचं, प्रमाण.

पीएच. जुन्या पद्धतीचं सिलिकेट-फॉस्फेटचं कूलंट नवं असताना ९ ते ११ च्या आसपास असतं, तर सेंद्रिय आम्लांचं, म्हणजे ओएटी प्रकारचं, साधारण ७.५ ते ९ मध्ये. त्यामुळे ८ हा आकडा एका कूलंटसाठी निरोगी आणि दुसऱ्यासाठी बरीच घसरण झाल्याची खूण असू शकतो. प्रकार माहीत नसताना पीएचवर मत देऊ नका. ७ च्या खाली मात्र कुठल्याच प्रकाराला सूट नाही. ग्लायकॉल उष्णतेने आणि हवेतल्या ऑक्सिजनने हळूहळू तुटतं आणि त्यातून ग्लायकोलिक व फॉर्मिक आम्लं तयार होतात. पीएच पडणं म्हणजे ही आम्लं आवरण्याची ताकद संपणं.

वरच्या बाजूलाही धोका आहे आणि तो सहसा कुणी पाहत नाही. ॲल्युमिनियम आम्लात विरघळतं तसंच तीव्र अल्कलीतही विरघळतं. अल्कलीचं क्लीनर टाकून रेडिएटर धुतला, ते नीट निघालं नाही आणि पीएच चढलेला राहिला, तर ॲल्युमिनियमचा आकडा वाढलेला दिसतो.

राखीव क्षारता. १० मिली कूलंटचा पीएच ५.५ पर्यंत आणायला ठरावीक ताकदीचं आम्ल किती मिली लागतं, तो हा आकडा. पीएच ठीक आणि राखीव क्षारता तळाला, याचा अर्थ कूलंट अजून उभं आहे पण लवकरच कोसळणार आहे. ओएटी कूलंटमध्ये हा आकडा मुळातच लहान असतो. म्हणून तुलना फक्त त्याच कूलंटच्या न वापरलेल्या नमुन्याशी करा.

ग्लायकॉलचं प्रमाण. आपल्याकडे बर्फाची भीती नाही म्हणून पाणी जास्त चालतं, हा समज फार महागात पडतो. गंजरोधक रसायनं ग्लायकॉलसोबतच येतात. पाणी वाढत गेलं की संरक्षणही तेवढंच पातळ होत जातं. निम्म्या-निम्म्याचं मिश्रण भरलेलं असताना अहवालात ३० टक्के ग्लायकॉल आलं, तर मध्ये कुणीतरी पाणी ओतत गेलंय आणि ते पाणी कुठेतरी निघूनही जात होतं. म्हणजे गळती आहे. कदाचित धातूंच्या रकान्याचं उत्तर तुम्हाला इथेच मिळालं.

सावधान: रंगावरून प्रकार ठरवू नका. हिरवा, लाल, निळा हे नुसते रंग आहेत आणि सगळ्या कंपन्यांना बांधील असा कुठलाही रंगनियम नाही.

## टप्पा ३: मग पाणी पाहा

कॅल्शियम, मॅग्नेशियम, क्लोराइड, सल्फेट. हे चारही मुख्यतः पाण्यातून येतात. क्लोराइड सर्वांत वाईट, कारण ते ॲल्युमिनियमवरचा संरक्षक थर ठिकठिकाणी फोडतं आणि तिथे टाचणीच्या टोकाएवढे खड्डे पडतात. मिसळायच्या पाण्यासाठी अवजड इंजिनांच्या जगात वापरली जाणारी कमाल मर्यादा अशी: क्लोराइड ४० मिग्रॅ, सल्फेट १०० मिग्रॅ आणि एकूण कठीणपणा १७० मिग्रॅ प्रति लिटर. ज्या बोअरच्या पाण्याने गीझरच्या कॉइलवर पांढरं कीट धरतं, ते या मर्यादेत बसेल अशी आशा धरू नका. किनाऱ्यालगतच्या खारट विहिरींचं तर नावच नको.

कीट फक्त गीझरवर बसत नाही. ते हेडच्या सर्वांत तापलेल्या जागी बसतं, तिथली उष्णता कूलंटमध्ये जाऊ देत नाही, आणि त्या थराखाली धातू खाल्ला जातो.

पाणी हवं असेल तेव्हा डिस्टिल्ड किंवा डीमिनरलाइज्ड घ्या, ज्याला आपण बॅटरीचं पाणी म्हणतो. लेबल वाचून घ्या. त्याच दुकानात, जवळपास तशाच कॅनमध्ये बॅटरीचं ॲसिडही मिळतं.

## टप्पा ४: आता धातू, एकेक करून

अहवालात इंग्रजी चिन्हं असतात: एफई लोखंड, एएल ॲल्युमिनियम, सीयू तांबं, पीबी शिसं, एसएन कथील, झेडएन जस्त, एसआय सिलिकॉन. कूलंटचा गंजरोध जोखणाऱ्या एएसटीएम (मानकं ठरवणारी संस्था) डी १३८४ या पद्धतीत तांबं, सोल्डर, पितळ, पोलाद, बीड आणि ॲल्युमिनियम अशा सहा पट्ट्या ८८ अंश सेल्सियसला ३३६ तास कूलंटमध्ये ठेवतात. तुमच्या गाडीत यांतलं जे आहे, तेच अहवालात यायला हवं. जे गाडीत नाही तेही आलं, तर ते बाहेरून आलंय.

लोखंड. बिडाचा ब्लॉक, लायनर, पंपाचे भाग. एकटं लोखंड वाढलं आणि पीएच बरा असेल तर पहिला संशय हवेवर घ्या: पातळी सतत कमी राहणं, सैल क्लिप, दाब न धरणारी कॅप. अर्धी भरलेली यंत्रणा ही गंजाला सर्वांत आवडती जागा.

ॲल्युमिनियम. हेड, रेडिएटर, हीटरची जाळी, थर्मोस्टॅटचं घर, पंपाची बॉडी. नवा रेडिएटर बसवल्यावर पहिल्या अहवालात ॲल्युमिनियमसोबत पोटॅशियम आणि फ्लोराइड वाढलेलं दिसलं तर लगेच घाबरू नका. हे रेडिएटर भट्टीत जोडताना पोटॅशियम-ॲल्युमिनियम-फ्लोराइडचा फ्लक्स (जोड नीट बसावा म्हणून लावायचं रसायन) वापरतात आणि त्याचा उरलेला अंश सुरुवातीला कूलंटमध्ये उतरतो. पुढच्या नमुन्यात आकडा स्थिर राहिला तर ठीक. चढतच गेला तर ते झिजणं आहे. या रेडिएटरच्या नळ्यांची जाडी अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही कमी असते, म्हणून इथे थोडं नुकसानही पुरतं.

तांबं. जुना रेडिएटर, हीटरची जाळी, काही ऑइल कूलर. ज्या गाडीत तांबं आणि ॲल्युमिनियम दोन्ही आहेत, तिथे हा रकाना मी सर्वांत बारकाईने पाहतो. विरघळलेलं तांबं ॲल्युमिनियमवर जाऊन बसतं आणि त्या जागी चिमुकली बॅटरी तयार होऊन ॲल्युमिनियमला खड्डा पडतो. म्हणून कूलंट न बदलता पुढच्या अहवालात तांबं कमी झालं, तर ती चांगली बातमी समजू नका. ते कुठे गेलं हे विचारा. त्याच वेळी ॲल्युमिनियम वाढलं असेल तर उत्तर समोर आहे.

शिसं आणि कथील. हे जोडीने आले की तांब्या-पितळेच्या रेडिएटरचे सोल्डर केलेले सांधे सुटताहेत. ॲल्युमिनियमच्या रेडिएटरमध्ये असं सोल्डर नसतं.

जस्त. एकट्या जस्तावर निष्कर्ष काढू नका. पितळेतून येतं, गॅल्व्हनाइज्ड पाइपच्या पाण्यातूनही येतं. तांब्यासोबत वाढलं तरच पितळेकडे बोट दाखवा.

सिलिकॉन, फॉस्फरस, बोरॉन, मॉलिब्डेनम, सोडियम, पोटॅशियम. हे बहुधा कूलंटमध्ये मुद्दाम घातलेले असतात. इंजिन ऑइलचे अहवाल वाचायची सवय असलेले लोक इथे हमखास फसतात. ऑइलमध्ये सिलिकॉन म्हणजे धूळ आणि सोडियम-पोटॅशियम म्हणजे कूलंटची गळती, पण कूलंटच्या अहवालात हेच आकडे नव्या कूलंटमध्येही असतात. ऑइलच्या मर्यादा कूलंटला लावू नका. इथे काळजी आकडा घसरल्यावर करायची.

किती धातू म्हणजे जास्त? मर्यादा प्रयोगशाळा आणि कूलंटची कंपनी ठरवते आणि त्या अहवालावर छापलेल्या असतात, त्याच धरा. ढोबळ अंदाज हवा असेल तर निरोगी यंत्रणेत झिजणारे धातू बहुधा एक अंकी पीपीएममध्ये राहतात.

## टप्पा ५: आकडा खरा आहे का ते पडताळा

लोकांना सर्वांत जास्त चकवतो तो हाच टप्पा.

प्रयोगशाळेत धातू मोजणाऱ्या आयसीपी यंत्राला विरघळलेला धातू आणि अगदी बारीक कण दिसतात. गंजाचे मोठे कण आणि तळाला बसलेला गाळ त्याला दिसत नाही. लोखंडाचा गंज फारसा विरघळत नाही, ॲल्युमिनियमही उदासीन पीएचला गाळ होऊन बसतं. म्हणजे रेडिएटर तांबूस चिखलाने भरलेला असताना अहवालात लोखंड ६ पीपीएम येऊ शकतं. बाटलीचा फोटो एक सांगतो आणि अहवाल दुसरं, अशा वेळी फोटोवर विश्वास ठेवा आणि गाळाची वेगळी तपासणी मागा.

उलटंही घडतं. समजा, ६ लिटरच्या यंत्रणेत ४० पीपीएम लोखंड आहे. पीपीएम म्हणजे ढोबळपणे लिटरमागे मिलिग्रॅम, तेव्हा विरघळलेलं एकूण लोखंड झालं २४० मिग्रॅ, पाव ग्रॅमहून कमी. तेवढ्याने ब्लॉक संपत नाही. आकडा सांगतो तो आतल्या वातावरणाबद्दल.

आता रेडिएटरचा खालचा कॉक उघडून ३ लिटर काढलं आणि ३ लिटर नवं भरलं. उरलेलं ३ लिटर ब्लॉकमध्येच राहिलं. त्याच दिवशी तपासलं तर २० पीपीएम येईल. ‘नव्या कूलंटमध्ये २० पीपीएम, म्हणजे इंजिन गेलं’ असं म्हणणारे मी पाहिलेत. ते जुनंच लोखंड होतं.

तपासा: मागच्या अहवालानंतर किती कूलंट बदललं किंवा वरून घातलं? तो हिशेब केल्याशिवाय दोन अहवाल शेजारी ठेवू नका.

## टप्पा ६: कारण गाडीत शोधा, कूलंट काढण्याआधी

कूलंट एकदा सांडलं की पुरावा गेला. म्हणून हे आधी.

१. कॅप आणि गळती. यंत्रणेला हाताच्या पंपाने दाब देऊन पाहा, कॅपही त्याच पंपावर तपासा. कॅपवर ०.९ किंवा १.१ असा दाब छापलेला असतो, तेवढा ती धरते का? कॅप स्वस्त असते, शंका आली की बदला.

२. हेड गॅस्केट, म्हणजे हेड आणि ब्लॉक यांच्यामधली सील. पीएच वेगाने पडलाय, होज पाइप लवकर ताठ होतो, बुडबुडे येतात? मग रेडिएटरच्या तोंडावर निळ्या द्रवाची गॅस चाचणी करून घ्या. जळालेल्या वायूतल्या कार्बन डायऑक्साइडने तो द्रव पिवळा किंवा हिरवट होतो. गॅस्केट फुटकं असताना नवं कूलंट भरणं म्हणजे तेही आम्लात घालवणं.

३. भटकी वीज. खराब अर्थिंगमुळे वीज कूलंटमधून वाहायला लागली तर तीही धातू खाते. मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवा. काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्हला, लाल पिन रेडिएटरच्या तोंडातल्या कूलंटमध्ये, धातूला न टेकवता. सगळं बंद असताना, चावी दिल्यावर, सेल मारताना, मग दिवे, पंखा, एसी एकेक चालू करून आकडा पाहा. ०.१ व्होल्टच्या आत असेल तर बरं, ०.३ च्या वर गेला तर शोध घ्या. ठरावीक वस्तू चालू केल्यावरच उडी येत असेल तर तिची अर्थिंग खराब आहे. बॅटरी सोडून, काळी पिन ब्लॉकला लावूनही आकडा तसाच राहिला तर कूलंटच थकलंय. बाहेरून बसवलेले हॉर्न, दिवे, स्पीकर असलेल्या गाड्यांत ही चाचणी वगळू नका.

सावधान: रेडिएटरचा विजेचा पंखा आपोआप सुरू होतो. बाही, ओढणी, बोटं लांब ठेवा.

## टप्पा ७: धुणं आणि भरणं

कारण दुरुस्त झाल्यावरच. रेडिएटरचा कॉक आणि ब्लॉकचा ड्रेन बोल्ट दोन्ही उघडा. डिस्टिल्ड पाणी भरा, थर्मोस्टॅट उघडेपर्यंत इंजिन चालवा, गार करा, काढा. पाणी स्वच्छ येईपर्यंत हेच. निघालेलं कूलंट गटारात किंवा शेतात ओतू नका, जळक्या ऑइलच्या पिंपातही नको. वेगळ्या कॅनमध्ये भरून ते गोळा करणाऱ्या गॅरेजला द्या.

धुतल्यानंतर ब्लॉकमध्ये दीड-दोन लिटर पाणी राहतंच. त्यावर तयार मिश्रणाचं कूलंट भरलं की ते पातळ होतं आणि पुढच्या अहवालात पुन्हा ग्लायकॉल कमी. त्यावर युक्ती अशी: निम्मं प्रमाण हवं असेल तर पुस्तिकेतल्या एकूण लिटरच्या निम्मं शुद्ध कॉन्सन्ट्रेट, म्हणजे पाणी न मिसळलेलं कूलंट, आधी घाला आणि वरची जागा डिस्टिल्ड पाण्याने भरा. ६ लिटरची यंत्रणा असेल तर ३ लिटर कॉन्सन्ट्रेट. पुस्तिकेतला प्रकार सोडू नका आणि दोन प्रकार मिसळू नका. शेवटी हवा काढा. हवेचा फुगा हेडमध्ये अडकला तर तिथलाच धातू आधी तापतो.

## एक अहवाल वाचून पाहू

उदाहरणासाठी घेतलेले आकडे: बिडाचा ब्लॉक, तांब्या-पितळेचा रेडिएटर, पीएच ६.८, ग्लायकॉल २६ टक्के, क्लोराइड ९०, लोखंड ३८, तांबं १४, शिसं ९, ॲल्युमिनियम ३.

धातूंपासून वाचलं तर ‘ब्लॉक गंजला’. क्रमाने वाचलं तर असं दिसतं: कूलंटचं रक्षण संपलंय, ते पाण्याने संपलंय, आणि ते पाणी खारट आहे. शिसं-तांबं जोडीने आहे, म्हणजे रेडिएटरचे सांधे सुटताहेत, आणि बहुधा तिथूनच गळत होतं, म्हणून पाणी ओतलं जात होतं. हेड खोलायची गरज नाही. रेडिएटर काढून दाबाखाली तपासायचा, सांधे दुरुस्त करायचे किंवा तो बदलायचा, यंत्रणा धुवायची आणि पाण्याची सवय बंद करायची.

## टप्पा ८: पुन्हा तपासणी

नवं भरल्यावर गाडी एखादा दिवस चालवून लगेच एक नमुना द्या. हा तुमचा पाया. दुसरा तीन महिन्यांनी किंवा ५,००० किलोमीटरला, त्याच प्रयोगशाळेत, त्याच जागेतून ओढलेला. पायाच्या तुलनेत धातू जागच्या जागी आणि पीएच स्थिर असेल तर पुढचा नमुना वर्षाने चालेल. धातू चढला पण पीएच, ग्लायकॉल आणि क्लोराइड तिन्ही ठीक असतील, तर रसायनाची बाजू सुटली. मग व्होल्टची चाचणी पुन्हा करा, थर्मोस्टॅटजवळचा होज पाइप काढून आत टॉर्चचा प्रकाश टाका आणि वॉटर पंप उतरवून त्याची पाती हाताने चाचपून पाहा.